खालाजानचा रिपोर्ट आणि आम्ही न वाचलेली ओळ

घरात कोणताही इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत आमच्या हातात येतो. बँकेची नोटीस असो, पासपोर्टचा फॉर्म असो की दवाखान्याचा रिपोर्ट. आम्ही शाळेत शिकवतो उर्दू आणि मराठी. पण खानदानात एक जण शिक्षकी पेशात आहे म्हटल्यावर त्याला सगळेच वाचता येत असणार, असा आमच्या लोकांचा पक्का समज आहे. आम्हीही तो कधी मोडून काढला नाही. खरे सांगायचे तर त्यात थोडा मान असतो, आणि मान कुणाला नको असतो?

गेल्या वर्षी शाबानच्या शेवटच्या आठवड्यात खालाजानचा धाकटा मुलगा असाच एक मोठा लिफाफा घेऊन संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला. खालाजान म्हणजे आमच्या अम्मीची मधली बहीण. कराडजवळच्या खेड्यात राहतात, वय साठीच्या आसपास. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली तेव्हा महिनाभर कुणाशी बोलल्या नाहीत. मग सुनेला सांगितले. पुण्याला सुईची तपासणी झाली, त्यात कॅन्सर निघाला. काखेतही गाठ लागत होती, म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करायला सांगितला होता. लिफाफ्यात त्याचाच रिपोर्ट होता.

चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून आम्ही वाचायला घेतले. दीड पान मजकूर. 'मीडियास्टायनल', 'हायलर' असले शब्द आले, ते काही कळले नाहीत. दुसऱ्या पानावर मात्र एक शब्द ओळखीचा निघाला, 'मेटास्टॅटिक'. आमच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या आजारात तो ऐकलेला होता. आम्ही मान वर करून म्हणालो, "छातीतल्या गाठींपर्यंत पसरलंय."

तो बिचारा काही बोलला नाही. लिफाफा घडी करून पिशवीत ठेवला आणि चहा न घेता निघून गेला.

त्या एका वाक्याने पुढचे आठ दिवस काय काय घडवले ते सांगतो. थोरल्या मुलाने ठरवले की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, अम्मीला रमजानभर घरीच सुखाने राहू द्यावे. खालाजानला काही सांगायचे नाही, असाही ठराव झाला. धाकट्या मुलीचा निकाह बकरी ईदनंतर ठरला होता, तो आठ दिवसांत उरकून घ्यायची बोलणी सुरू झाली, का तर आईच्या डोळ्यांसमोर व्हावा. कुणी मिरजेकडच्या एका हकीमसाहेबांचे नाव काढले. आणि खालाजान? त्यांना कुणी काही सांगितले नव्हते, तरी त्यांनी एका दुपारी संदूक उघडली आणि पाटल्यांचे दोन जोड काढून एक मुलीच्या आणि एक सुनेच्या हातात ठेवला. सून रडायला लागली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मेरेकू बच्चा समझते क्या तुम लोगां?"

दवाखान्याची तारीख आधीच घेतलेली होती, म्हणून केवळ थोरला मुलगा डॉक्टरांना भेटायला गेला. सोबत आम्ही. वयस्क, शांत अशा सर्जनबाई होत्या. मुलाने 'ऑपरेशन नको' म्हणून सुरुवात केली तशा त्या थांबल्या आणि विचारले, "तुम्हाला कुणी सांगितलं पसरलंय म्हणून?" त्याने आमच्याकडे पाहिले. बाईंनी रिपोर्ट उघडला, पेन्सिलीने एक ओळ खुणावली आणि आमच्यापुढे सरकवला. ज्या शब्दावर आम्ही थांबलो होतो त्याच्या पुढचीच ओळ होती ती. अर्थ असा, की या गाठी कॅन्सरच्या असू शकतात, पण दुसऱ्या कारणानेही अशा दिसू शकतात. टीबीसारखे कारण नाकारता येत नाही, तरी गाठीतला नमुना काढून खात्री करावी.

मुलांनी उतारा अर्धा वाचून उत्तर लिहिले की आम्ही गुण कापतो. अनेक वर्षे कापत आलो आहोत.

त्या दिवशी बाईंनी जे समजावले, आणि नंतर आम्ही वाचून, विचारून जे जाणून घेतले, ते या महिन्याच्या सदरात लिहीत आहोत. आमच्यासारखे रिपोर्ट वाचणारे 'जाणकार' घरोघरी असतात.

आधी ही गाठ म्हणजे काय ते पाहू. आपल्या अंगात साधारण सहाशे लहान लहान गाठी जन्मापासून असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. मानेत, काखेत, जांघेत, छातीच्या आत, पोटात, अशा त्या पसरलेल्या असतात. रक्तातून झिरपलेले पाणी, लसिका, बारीक नळ्यांतून या गाठींतून जाते आणि परत रक्तात मिसळते. प्रत्येक गाठ म्हणजे एक नाकाच समजा, पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा तसा. (आपली जकात नव्हे, नगरपालिकेची!) जंतू आला, धूळ आली, कॅन्सरची सुटी पेशी आली, तर ती या नाक्यावर अडते. अडवलेल्या मालाची तिथे झडती सुरू झाली की गाठ सुजते.

पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. दाढ किडली की जबड्याखाली गाठ येते. हे नेहमीचे, म्हणून कुणी घाबरत नाही. पण त्याच माणसाला कुठे कॅन्सर निघालेला असेल तर तीच गाठ सगळ्यांना 'पसरल्याची' वाटते. डॉक्टरांनाही शंका घ्यावीच लागते, कारण कॅन्सर खरोखरच बहुधा आधी या गाठींत उतरतो. गाठ सुजली एवढ्यावरून मात्र आत चोर आहे की नुसती झडती चालली आहे, ते बाहेरून कळत नाही.

मग पेट स्कॅनमध्ये ते का कळत नाही, असा प्रश्न आम्ही बाईंना विचारला. एवढा महागडा तपास! त्यांनी सांगितले ते असे. स्कॅनच्या आधी सहा तास उपाशी ठेवतात आणि शिरेतून साखरेसारखे एक द्रव्य देतात, त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेले असते. दर ११० मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून ते अंगात फार काळ राहत नाही. जिथल्या पेशी जास्त साखर खातात ती जागा चित्रात उजळते. कॅन्सरच्या पेशी हावरटासारखी साखर खातात हे खरे. पण मेंदूही खातो, म्हणून तो प्रत्येकाच्या स्कॅनमध्ये उजळलेलाच असतो. आणि जंतूंशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशीही भरपूर खातात. टीबीने सुजलेली गाठ पेट स्कॅनमध्ये कॅन्सरच्या गाठीइतकीच लख्ख दिसू शकते. मशीन चुकत नाही. इथे कुणीतरी साखर खाते आहे, एवढेच ते सांगते. खाणारा कोण, ते त्याला कळत नाही.

आणि आपल्या देशात टीबी किती घरांत आहे ते वेगळे सांगायला नको. जुन्या लोकांच्या तोंडी गंडमाळा हा शब्द असायचा, उर्दूत कंठमाला. मानेत माळेसारख्या गाठी येतात तो बहुतेक टीबीच. मानेतल्या दिसतात, छातीच्या आतल्या दिसत नाहीत, त्या स्कॅनमध्येच सापडतात. म्हणून युरोपातल्या पुस्तकात छातीतल्या उजळलेल्या गाठीचा जो अर्थ लावतात तो कराडच्या बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली: खालाजानच्या छातीतल्या गाठी उजवीकडे आणि डावीकडे जवळजवळ सारख्या होत्या. डाव्या स्तनातला कॅन्सर असा दोन्हीकडे मापून वाटल्यासारखा सहसा जात नाही. तिथेच त्यांना शंका आली होती.

शंकेने भागत नाही. काखेतल्या गाठीत कॅन्सर असेल तर त्याला त्या भागापुरता रोग समजतात, आणि पूर्ण बरे करायच्या इराद्याने ऑपरेशन, किमो, शेक असे सगळे करतात. छातीच्या आत दोन्ही बाजूंच्या गाठींत तो गेला असेल तर मात्र चौथी पायरी धरतात आणि उपचाराचा सगळा बेतच बदलतो. आमच्या एका वाक्याने खालाजानला चौथ्या पायरीवर नेऊन बसवले होते. उलट बाजूही तितकीच गंभीर. गाठी टीबीच्या असतील आणि कुणी तपासल्याच नाहीत, तर किमोने अंगातली ताकद कमी झाल्यावर तो टीबी उसळला असता.

नमुना काढला तो ईबस नावाच्या तपासणीने. गुंगीचे औषध देऊन तोंडातून एक बारीक नळी श्वासनलिकेत उतरवतात. तिच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असते. श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडची गाठ पडद्यावर बघत बघत सुई घालून नमुना घेतात. छाती उघडावी लागत नाही. खालाजान सकाळी गेल्या आणि संध्याकाळी घसा बसलेल्या आवाजात सुनेला रागावत परत आल्या, एवढेच.

नमुन्याचे दोन भाग केले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक भाग फॉर्मालिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. दुसरा नुसत्या मिठाच्या पाण्यात, टीबीच्या तपासासाठी. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग त्यांची वाढ करून बघता येत नाही. लहान ठिकाणी पुष्कळदा सगळाच तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो आणि नंतर हळहळ होते. गाठ काढायच्या आधी 'टीबीसाठी वेगळा नमुना ठेवणार ना?' एवढे विचारले तर कोणताही समजूतदार डॉक्टर रागावणार नाही.

सीबीनॅट नावाच्या मशीनवर टीबीचा निकाल दोनेक तासांत मिळतो, आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळते. जंतूंची वाढ करून बघायला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. खालाजानचा निकाल असा आला: कॅन्सरची एकही पेशी नाही, टीबीच्या दाण्यांसारख्या खुणा आहेत, सीबीनॅट पॉझिटिव्ह, औषधे लागू पडतील अशी. आणि एक ओळ अशी, की गाठीत काळी पूड भरपूर आहे. ती चुलीची. चाळीस वर्षे लाकूड आणि गोवऱ्या फुंकून भाकऱ्या केल्या, तो धूर छातीतल्या नाक्यांवर साठून राहिला होता. नुसत्या या काजळीनेही छातीतल्या गाठी मोठ्या होतात, स्कॅनमध्ये उजळतात आणि कॅन्सरचा भास होतो. आपल्या खेड्यांतल्या किती बायकांच्या छातीत ही चूल अजून असेल!

काखेतल्या गाठीत मात्र कॅन्सर होता. तिचीही सुईने तपासणी झाली होती. एकाच बाईच्या अंगात, वीतभर अंतरावर, एक गाठ कॅन्सरची आणि दुसरी टीबीची. एका गाठीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही, हे आम्हाला इतके समोर येईपर्यंत पटले नसते.

टीबीची औषधे सुरू झाली, काही आठवड्यांनी ऑपरेशन झाले, मग किमो. औषधांनी लघवी केशरी होते हे कुणी आधी सांगितले नव्हते, त्यावरून एक दिवस घरात गोंधळ झाला. ते रिफाम्पिसिनमुळे होते, घाबरायचे कारण नाही. पण हेच रिफाम्पिसिन कॅन्सरच्या काही गोळ्यांचा, उदाहरणार्थ टॅमॉक्सिफेनचा, असर फार कमी करते. म्हणून टीबीच्या डॉक्टरांची चिठ्ठी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावी लागते, आणि त्यांची यांना. दोन फायली दोन पिशव्यांत ठेवू नयेत.

औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाली. निक्षय पोषण योजनेतून खुराकासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर जमा होतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. घरातल्या काही जणींना टीबीचे नाव सोयरिकीत निघेल याचीच जास्त फिकीर. तेव्हा हेही सांगून टाकतो: फुफ्फुसात टीबी नसेल आणि फक्त गाठींत असेल तर तो दुसऱ्याला लागत नाही. थुंकीची तपासणी करून तशी खात्री करून घेतली होती.

टीबी हे आपल्याकडचे मोठे कारण झाले. पण अशी फसवणारी कारणे आणखीही आहेत.

तरुण मुलींत मानेच्या गाठी सुजतात, दुखतात, ताप येतो, वजनही उतरते. घरचे म्हणतात टीबी, कुणी म्हणतो लिम्फोमा, म्हणजे गाठींचाच कॅन्सर. तुकडा तपासला तर कधी कधी तिसरेच निघते, किकुची आजार. १९७२ साली जपानमधल्या किकुची आणि फुजिमोतो या दोघांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. आशियातल्या तरुण स्त्रियांत तो जास्त दिसतो आणि बहुतेकींत काही महिन्यांत आपोआप जातो. काहींना पुढे ल्युपस नावाचा आजार निघू शकतो, म्हणून डॉक्टर अधूनमधून बोलावतात, तेवढे जायचे. सारकॉइड नावाच्या आजारातही छातीत अगदी टीबीसारख्या गाठी येतात. आणि नवल म्हणजे, कधी कधी कॅन्सर असलेल्या माणसाच्या गाठी नुसत्या त्या कॅन्सरच्या शेजारामुळेच अशा सुजतात, आत एकही कॅन्सरची पेशी नसताना.

२०२१ सालची गोष्ट तर जगभर गाजली. दंडावर कोविडची लस घेतली की त्याच बाजूच्या काखेत गाठी सुजायच्या. ज्या बायका त्या दिवसांत स्तनाच्या तपासणीला गेल्या त्यांच्या चित्रांत त्या दिसल्या आणि कित्येकींचा जीव टांगणीला लागला. मग तज्ज्ञांनी सांगितले, घाई नसेल तर तपासणी लशीच्या आधी करा किंवा काही आठवडे थांबून करा. एका बाजूच्या स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर लस दुसऱ्या हातावर घ्या. आणि स्कॅनला जाताना लस कधी, कोणत्या हातावर घेतली ते सांगा.

घरातले मांजरही या यादीत येते. आपल्या लोकांचा मांजरांवर जीव. पण तिच्या नखाच्या ओरखड्यातून एक जंतू शिरतो आणि दोनतीन आठवड्यांनी काखेत नाहीतर मानेत गाठ येते. तोवर ओरखडा भरलेला असतो, कुणाच्या लक्षातही नसतो. म्हणून डॉक्टरांनी 'घरात मांजर आहे का?' विचारले तर हसू नये.

ज्यांनी गोंदवून घेतले आहे त्यांच्या गाठीत ती शाई जाऊन बसते. ऑपरेशनच्या वेळी गाठ काळी दिसते आणि कातडीच्या काळ्या कॅन्सरचा, मेलानोमाचा, संशय येतो. (मेंदीने असे होत नाही, ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच राहते.) सूक्ष्मदर्शकाखालीही फसगत होऊ शकते: साध्या तिळाच्या पेशी काही माणसांच्या गाठीच्या कडेला आढळतात, आणि ओटीपोटातल्या गाठींत गर्भनलिकेसारख्या निरुपद्रवी पेशी सापडतात. पॅथॉलॉजिस्ट मग वेगळे रंग वापरून शहानिशा करतात. रिपोर्टला आठवडा जास्त लागला तर दरवेळी हलगर्जीपणाच असतो असे नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, चला, गाठ आहे पण बहुतेक साधीच असेल. तसे म्हणू नका. आमच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाच्या मानेत गाठी आल्या. तुकडा न काढता 'टीबीच दिसतोय' म्हणून औषधे सुरू केली. सात महिने घेतली. गाठी वाढतच गेल्या. शेवटी एक गाठ पूर्ण काढून तपासली तेव्हा हॉजकिन लिम्फोमा निघाला. नशीब बलवत्तर की हा कॅन्सर बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो, आणि तोही बरा झाला. पण सात महिने गेले ते गेले. टीबी आणि लिम्फोमा दोन्हींत ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे असते. टीबीची औषधे घेताना खऱ्या टीबीच्या गाठीही काही काळ मोठ्या होऊ शकतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. म्हणूनच औषध सुरू व्हायच्या आधी तपास हवा. स्टेरॉइडच्या गोळ्या तर तपासाआधी मुळीच नकोत: लिम्फोमाची गाठ त्यांनी तात्पुरती विरते, रोग लपतो आणि तुकड्यातही नीट दिसत नाही.

आणि गाठ मोठी नसली म्हणजे आत काही नाही, असेही नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास केला. तो २०१५ साली अमेरिकेच्या न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आला. ज्यांच्या मानेत हाताला गाठ लागत नव्हती अशाच रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाच्या मानेतल्या गाठी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या. दुसऱ्या गटात गाठ दिसू लागल्यावर काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. न लागणाऱ्या गाठींत रोग होता. आपल्या गल्लीत मिश्री आणि गुटखा किती घरांत आहे ते पाहता ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत हवी. तेव्हा डॉक्टरांनी 'गाठी साध्या दिसतात तरी काढू' म्हटले तर त्यामागे हे कारण असते.

कोणती गाठ दाखवायलाच हवी? तीनचार आठवड्यांत न उतरणारी, वाढत जाणारी, दगडासारखी टणक, बोटाखाली न सरकणारी. कॉलर बोनच्या वरची गाठ तर कितीही लहान असो, दाखवाच. पोटातला कॅन्सर कधी कधी डाव्या बाजूला तिथेच पहिल्यांदा डोके वर काढतो. दुखत नाही म्हणून साधी आहे, हा हिशेब उलटा आहे. जंतूंनी सुजलेली दुखते. टीबीची आणि कॅन्सरची बहुधा दुखत नाही.

सुईबद्दलही बोलायला हवे, कारण खालाजानच्या घरी सगळ्यात मोठा अडथळा तोच होता. "सुई टोचली की चवताळतो," असे शेजारणीपासून मशिदीतल्या बुजुर्गांपर्यंत सगळे सांगत होते. मानेतल्या वा काखेतल्या गाठीत सुई घालून नमुना घेतल्याने रोग पसरतो, ही समजूत खरी नाही. ती कशी रुजली असेल ते समजते. लोक सुई करून घेतात तेव्हाच पुष्कळदा उशीर झालेला असतो, आणि पुढे जे होते त्याचा आळ सुईवर येतो. बारीक सुईने नेहमीच भागते असेही नाही. लिम्फोमाची शंका असेल तर आख्खी गाठ काढून तपासावी लागते. 'पुन्हा का टोचायचे?' म्हणून हुज्जत घालण्यापेक्षा पहिल्या नमुन्यात काय कमी पडले ते विचारावे.

आता खालाजानची हकीकत पुरी करतो. टीबीची औषधे सहा महिने झाली, किमो आणि शेकही झाले. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे, त्यावरून नाती त्यांना चिडवतात. धाकटीचा निकाह आधी ठरला होता त्याच तारखेला, बकरी ईदनंतर झाला, आणि किमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत खालाजान खुर्चीवर बसून बिर्याणीच्या देगेवर देखरेख करत होत्या. त्यांचा कॅन्सर खरा होता आणि तपासण्या अजून चालू आहेत. दर वेळी आदल्या रात्री त्यांना झोप लागत नाही, हे त्यांची सून सांगते.

परवा नवा स्कॅन झाला. रिपोर्ट घेऊन या वेळी त्या स्वतःच आमच्याकडे आल्या. आम्ही चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने खुणा केल्या, डॉक्टरांना विचारायला. छातीतल्या गाठी दिसतात, पण लहान झालेल्या आहेत आणि उजळत नाहीत, असे लिहिले होते. सहीपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "हो गया? आखरी तक पढ्या ना?" आम्ही हो म्हणालो. मग त्यांनी चहा मागितला.

पाटल्यांचे विचारले तर म्हणाल्या, मुलीने तिचा जोड निकाहच्या आधीच आणून दिला होता, तोच तिला निकाहात घातला. सुनेच्या हातात मात्र अजून आहेत, आणि मागायला लाज वाटते.